संगणकावरील खेळ आणि विंडोजची मालगुजारी

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात संगणकावरील खेळांची चर्चा व्हावी, याचे काहींना नवल वाटेल. धानाची खरेदी, गोसीखुर्दच्या विस्थापितांचे पुनर्वसन, मॅंगनीज खाणीतील कामगारांचे प्रश्न यांच्या पंगतीत हा पोरखेळ कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु तुमसर, साकोली, पवनी येथील तरुणांचा मोकळा वेळ आज ज्या पडद्यासमोर जातो, त्या पडद्यामागची व्यवस्था कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न पोरखेळाचा नाही. तो मालकीचा आहे, आणि मालकीच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे या जिल्ह्यातील चळवळीला कधीच परवडलेले नाही.

निमित्त ताजे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव मुदत तेवढी जाहीर झाली. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ मध्येच आली होती. पण ती स्वीकारण्यासाठी यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असला पाहिजे, अशी कंपनीची अट आहे. साधारणपणे २०१८ च्या आधी बनलेली बहुसंख्य यंत्रे या अटीत बसत नाहीत. यंत्र चालते, पडदा उजळतो, कळफलकाची एकही कळ बिघडलेली नसते. तरीही सुस्थितीतील वस्तू एका कंपनीच्या परिपत्रकाने कालबाह्य ठरते. लाखनीतील शिक्षकाने कर्ज काढून मुलांसाठी घेतलेला संगणक असो, की नागपूरला सीताबर्डीवरून जुना विकत आणलेला असो, त्याच्या मालकाला आता सांगितले जात आहे की नवे यंत्र घ्या.

यावर एक उपाय कित्येक वर्षे सांगितला जातो. लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी. तिला परवान्याचे शुल्क नाही आणि जुन्या यंत्रावरही ती सुखाने नांदते. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट, चित्रपट, सर्व काही तिच्यावर होते. येथपर्यंत घरातील वडीलधारे मान डोलावतात. मग घरातील मुलगा एकच वाक्य बोलतो, ‘माझा गेम त्यावर चालत नाही,’ आणि चर्चा संपते. विंडोज घरात राहते ती हिशेबासाठी नव्हे, खेळासाठी. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की खेळांच्या बाबतीत मुक्त प्रणाली विंडोजची जागा घेऊ शकेल काय?

ही पकड बसली कशी, ते आधी पाहू. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बरोबरच डायरेक्टएक्स नावाचा आज्ञासंच आणला. पडद्यावर चित्र कसे रेखाटावे, ध्वनी कसा काढावा, हे गेम बनवणाऱ्याने या संचाच्या भाषेत सांगायचे आणि बाकीचे विंडोजने पाहायचे. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण त्या भाषेत लिहिलेला खेळ दुसऱ्या कोणत्याही प्रणालीला कळेना. खेळ विंडोजवर म्हणून लोक विंडोजवर. लोक विंडोजवर म्हणून पुढचा खेळही विंडोजवर. हे दुष्टचक्र काही समाजवाद्यांनी शोधून काढलेले नाही. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर १९९८ मध्ये भरलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात न्यायालयाने नोव्हेंबर १९९९ मध्ये जे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष नोंदवले, त्यांत नेमकी हीच यंत्रणा उलगडून दाखवली आहे. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश पुढे २००१ मध्ये अपिलात रद्द झाला; निष्कर्षांचा गाभा मात्र टिकला.

आपल्याकडे या चक्राला आणखी एक आरा आहे. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी विंडोज विकत घेतलेली घरे किती? यंत्र जुळवून देणारा दुकानदार बिनपरवाना प्रत टाकून देतो, आणि ग्राहकाला वाटते की विंडोज फुकटच असते. ज्याला विंडोजच फुकट मिळते, त्याला ‘लिनक्स फुकट आहे’ हे सांगून काय उपयोग? मुक्त प्रणालीचे अनेक प्रचारक येथे ठेचकाळतात. वास्तविक ही चोरी मालकाला फारशी बोचत नव्हती. १९९८ मध्ये चीनमधील बिनपरवाना प्रतींबद्दल बोलताना बिल गेट्स यांनी उघडपणे सांगितले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचाच माल चोरावा. त्यांना त्याची सवय लागेल आणि वसुलीचा मार्ग पुढे सापडेल. सावकाराने पहिल्या वर्षी व्याज न मागण्यासारखाच हा प्रकार. चोरीच्या प्रतीने ग्राहकाला मालकाच्या शिवारातून बाहेर काढले नाही, उलट तेथेच बांधून ठेवले.

आता दुसरी बाजू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला, आणि हेलसिंकीतील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. या प्रणालीचा परवाना असा की कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी, वाटावी. मात्र सुधारलेली प्रत वाटताना तिची मूळ संहिताही तितक्याच मोकळेपणाने दिली पाहिजे. जगातील मोठमोठे संगणक आणि इंटरनेटचा बराचसा भार आज या गाभ्यावर चालतो. खेळांच्या मैदानात मात्र ती वर्षानुवर्षे कडेला उभी होती.

त्या मैदानात तिचा प्रवेश झाला तो दुभाष्यांच्या बळावर. १९९३ मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘वाइन’ नावाचा उपक्रम सुरू केला. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली जेव्हा विंडोजकडे काही मागते, मग ती एखादी फाइल असो की पडद्यावरची चौकट, तेव्हा मध्ये उभे राहून ती मागणी लिनक्सच्या भाषेत सांगायची आणि उत्तर परत विंडोजच्या भाषेत द्यायचे, असे हे काम. प्रोसेसर तोच असल्याने मूळ हिशेब जसाच्या तसा चालतो, भाषांतर होते ते केवळ मागण्यांचे. चित्रांची भाषा मात्र या दुभाष्याला नीट येत नव्हती, आणि आधुनिक खेळ म्हणजे बव्हंशी चित्रेच.

ती अडचण दूर झाली त्यात एका प्रोग्रामरच्या हट्टाचा वाटा आहे. ‘नीअर ऑटोमाटा’ नावाचा एक जपानी खेळ आपल्याला लिनक्सवर खेळता यावा, एवढ्याच इच्छेने फिलिप रेबोले यांनी डायरेक्टएक्सच्या चित्रभाषेचे ‘वल्कन’ या खुल्या चित्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली लिहायला घेतली. वल्कन २०१६ मध्ये आली होती आणि ती कोणा एका कंपनीची मिरास नाही. रेबोले यांचे काम यशस्वी होते आहे असे दिसताच वाल्व्ह या अमेरिकी कंपनीने त्यांना कामावर घेतले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन व हे नवे रूपांतर एकत्र गुंफून ‘प्रोटॉन’ नावाने प्रसिद्ध केले.

वाल्व्हचा यात स्वार्थ काय? तो सरळ आहे आणि लपवलेलाही नाही. वाल्व्हचे ‘स्टीम’ हे संगणकावरील खेळांचे जगातील सर्वांत मोठे दुकान. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर स्वतःचे दुकान थाटले, तेव्हा वाल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी ही प्रणाली म्हणजे साऱ्या संगणक-व्यवसायावरचे संकट असल्याचे जाहीरपणे म्हटले. दुसऱ्याच्या जागेत दुकान चालवणाऱ्याला मालकाने शेजारी तेच दुकान काढले की जी धास्ती वाटते, तीच ही. त्यातून लिनक्सवरील ‘स्टीमओएस’ ही प्रणाली २०१३ मध्ये आली. तिच्यावर चालणारी २०१५ ची यंत्रे सपशेल पडली, कारण खेळ नव्हते. प्रोटॉननंतर चित्र पालटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला ‘स्टीम डेक’ हा हातात धरून खेळण्याचा संगणक याच प्रणालीवर चालतो, आणि विंडोजसाठी बनलेले हजारो खेळ त्याच्यावर खेळले जातात. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सवर खेळणाऱ्यांचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेला. विंडोजचा वाटा तेव्हाही ९५ टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा कोणी फुगवून सांगू नये. पण एक टक्काही ज्यांच्या वाट्याला मुश्किलीने येत असे, त्यांना तो थट्टेचाही वाटणार नाही.

तेव्हा, लिनक्सवर खेळ चालतात काय, याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. एकट्याने खेळायचे खेळ, कथाप्रधान खेळ, जुने गाजलेले खेळ यांतील बहुसंख्य चालतात, काही तर विंडोजच्या बरोबरीने किंवा किंचित सरस वेगाने. ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘डोटा’ हे वाल्व्हचे खेळ तर दुभाष्याशिवाय थेट चालतात.

अडते कोठे? अडते ते मुख्यत्वे अनेकांनी एकत्र खेळायच्या, चुरशीच्या खेळांत. अशा खेळांत लबाडी फार. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणाऱ्या आणि नेम आपोआप साधणाऱ्या चोरट्या आज्ञावल्या बाजारात विकल्या जातात. त्यांना आळा घालण्यासाठी कंपन्यांनी पहारेकरी नेमले आहेत, आणि हे पहारेकरी आता खेळापुरते थांबत नाहीत. ‘व्हॅलोरंट’ या २०२० च्या खेळाबरोबर येणारा ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, संगणक सुरू होताच जागा होतो, आणि खेळ चालू नसतानाही तेथेच असतो. घराच्या अंगणात क्रिकेट खेळायचे तर पंचाला तिजोरीच्या खोलीची किल्ली द्या, अशी ही अट. गाभ्यात बसवलेल्या परक्या आज्ञावलीची एक चूक काय करू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली, आणि भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. तो पहारेकरी खेळांचा नव्हता. पण त्याची बसण्याची जागा तीच होती.

लिनक्स असा पहारेकरी गाभ्यात बसू देत नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. गाभा उघडा असल्याने कोणीही तो स्वतःला हवा तसा बदलून बांधू शकतो, आणि म्हणून कंपनीला त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण त्याहून सौम्य पहारा लिनक्सवर शक्य आहे, आणि ‘ईझी अँटी-चीट’ व ‘बॅटलआय’ या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी तो २०२१ पासून उपलब्धही करून दिला आहे. खेळाच्या मालकाने केवळ परवानगी द्यायची. अनेकांनी दिली, अनेकांनी दिली नाही. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे: ‘ईझी अँटी-चीट’ ज्या एपिक कंपनीचा, तिने स्वतःच्याच ‘फोर्टनाइट’ला ही परवानगी दिलेली नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ तर लिनक्सवर चालत होता. लबाडांचे कारण देऊन कंपनीने ऑक्टोबर २०२४ अखेर तो बंद केला. कारण अगदीच खोटे आहे असे नव्हे. पण विंडोजवर लबाडी संपली आहे, असेही कोणी म्हणू धजत नाही. थोडक्यात, जेथे लिनक्स आज अडते तेथे बहुतेक वेळा यंत्र अडत नाही; मालकाची मर्जी अडते.

भंडारा जिल्ह्याला हे नवे नाही. येथील तलाव कोहळी समाजाने आणि गावकऱ्यांच्या श्रमांनी बांधले. पाळ घातली गावाने, गाळ काढला गावाने, पाण्याची वाटणी ठरवली गावाने. इंग्रजी अमलातील जमाबंदीने मालगुजाराला मालक केले आणि गावाच्या कष्टाचे तळे कागदावर एका नावाने लागले. आजही लोक त्याला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलावच, म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, पण पाळीची आणि गाळाची चिंता वाहणारी गावाची जुनी व्यवस्थाही त्याबरोबर विस्कटली, आणि कित्येक तलाव गाळाने भरत गेले. मालक हटवणे आणि सार्वजनिक वस्तू सार्वजनिक रीतीने सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात चळवळीला यश आले. दुसऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

मुक्त प्रणालीच्या बाबतीत ही दोन कामे वेगळी ओळखली नाहीत तर काय होते, याचे उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. अॅन्ड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. म्हणजे जिल्ह्यातील जी मुले चावडीवर, एसटी स्थानकावर मान खाली घालून ‘बीजीएमआय’ खेळतात, ती सारी लिनक्सवरच खेळतात! गाभा मुक्त, आणि तरीही दुकान गूगलचे, खेळ कोरियातील क्राफ्टन कंपनीचा. ‘पबजी’चा मोबाइल अवतार सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला, त्याच्या जागी आलेला हा खेळही जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. ती बंदी योग्य की अयोग्य हा निराळा वाद आहे. येण्याजाण्याच्या या साऱ्या काळात खेळणाऱ्याच्या हाती काय होते, एवढेच येथे पाहायचे. काहीही नव्हते.

म्हणून वाल्व्हच्या कामाचे कौतुक करताना हिशेब मोकळा ठेवावा. प्रोटॉनची संहिता खुली आहे, रेबोले यांचे रूपांतर खुले आहे, वाइन खुले आहे. उद्या वाल्व्ह बुडाली वा बदलली तरी ते परत घेता येणार नाही. ही खरी सार्वजनिक संपत्ती. पण स्टीमचे दुकान मुक्त नाही. तेथे पैसे मोजून मिळतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. कॅलिफोर्नियातील नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२४ पासून स्वतः स्टीमच खरेदीच्या वेळी तसे सांगते. लिनक्सवरील खेळांचा आजचा सारा डोलारा या एका दुकानदाराच्या उत्साहावर उभा राहिला, तर विंडोजची मालगुजारी जाऊन दुसऱ्याची येईल.

आता प्रत्यक्ष काय करता येईल? प्रथम, यंत्र पाहावे. फार जुन्या यंत्रांच्या चित्र-चकत्यांना वल्कनची भाषा येत नाही. तेथे नवे खेळ चालणार नाहीत, आणि तसे वचनही कोणी देऊ नये. त्या यंत्रांवर विंडोजचेही काही खरे नाही, कारण विंडोज ७ आणि ८ वर तर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनेच हात वर केले आहेत. दुसरे, मुलगा कोणता खेळ खेळतो ते विचारावे. ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला लिनक्सचे व्याख्यान देणे व्यर्थ. त्याला त्याच यंत्रावर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवून द्याव्यात. इतरांना प्रोटॉन पुरेल. आणि लहानांसाठी संपूर्ण मुक्त खेळही आहेत: ‘सुपरटक्सकार्ट’ ही गाड्यांची शर्यत, ‘वेस्नॉथ’ ही डावपेचांची लढाई, ‘झीरो ए.डी.’ हा प्राचीन साम्राज्यांचा खेळ. त्यांचा दर्जा बाजारातील बड्या खेळांइतका नाही, हे कबूल. पण त्यांची मराठी भाषांतरे पुरी करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शाळांचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण सवय तेथे लागते. केरळने शालेय संगणक-शिक्षण दीड दशकाहून अधिक काळ मुक्त प्रणालीवर चालवले आहे, आणि ‘जीकॉम्प्री’सारखे शैक्षणिक खेळ तेथील मुले त्याच प्रणालीवर खेळतात. महाराष्ट्राने २००१ पासून एमएस-सीआयटीच्या रूपाने लाखोंना संगणक शिकवला, हे काम लहान नाही. पण शिकवला तो विंडोज आणि मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावल्यांवर. संगणक म्हणजेच विंडोज, ही समजूत त्यातून घरोघर गेली. मराठी छापखान्यांचीही हीच गत. ज्यांचे वर्षानुवर्षांचे मजकूर विंडोजवरील जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत अडकून पडले आहेत, त्यांना तेथून हलता येत नाही. आणि हा मजकूर ज्या छापखान्यात जुळतो, तोही बहुधा त्यांच्यापैकीच असेल.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील किती संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, याची यादी तालुकानिहाय मागवता येईल. निर्लेखनाचे प्रस्ताव तयार होण्यापूर्वी ती मागवावी. एका शाळेतील चार-पाच यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवायला एक दुपार पुरते. पण सहा महिन्यांनी ती यंत्रे कोण पाहणार, हे नाव त्या दुपारीच ठरवून फळ्यावर लिहिले पाहिजे.